राहून गेलेले शिक्षण

एकदा हातून सुटलेले शिक्षण पुन्हा हाती घेण्याची आशा मनुष्याने वर्षानुवर्षे बाळगावी, हा त्याचा गुण समजावा की ती एक सभ्य स्वरूपाची आत्मवंचना समजावी, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. ज्याला शिकावयाचे आहे त्याने शिकावे, ज्याला नाही त्याने स्वस्थ बसावे. त्यात नीतिशास्त्राने लक्ष घालण्याजोगे काय आहे, असे कोणी विचारील. परंतु ही आशा मध्यम स्थितीतील किती घरांत मुकाट्याने नांदत असते, व तिच्यापायी एका माणसाचे दुसऱ्या माणसाशी किती देणेघेणे अडकलेले असते, हे ध्यानात घेतले म्हणजे प्रश्नाचे गांभीर्य कळून येते.

आमच्या वऱ्हाडातलेच एक सामान्य उदाहरण घेऊ. अकोल्याच्या एका गृहस्थाची अमरावतीस बदली होते. बिऱ्हाड हलते, मुलांची नावे नव्या शाळेत घातली जातात, दूधवाला आणि किराणा ठरतो. गृहस्थाची पत्नी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत शिकलेली असते. तिसऱ्या वर्षी लग्न झाले, पुढे सासूबाईंचे आजारपण, मग मुले, आणि शिक्षण राहिले ते राहिलेच. आता नवे गाव विद्यापीठाचे आहे. नव्या गावी अजून कोणी ओळखीचे नाही, नातलगांची ये-जा थोडी, दुपार मोकळी. तिच्या मनात येते की, येथे आपले राहिलेले पुरे करता येईल. ती हे एकदा जेवताना बोलून दाखवते. घरात कोणी नाही म्हणत नाही. 'बघू, जरा स्थिरस्थावर होऊ दे,' इतकेच उत्तर मिळते. आणि वर्ष निघून जाते. हे उदाहरण स्त्रीचे घेतले, कारण ते अधिक आढळते. परंतु धाकट्या भावंडांसाठी कॉलेज सोडून दुकानाच्या गादीवर बसलेला थोरला मुलगा, किंवा एम. ए.चा विचार मनात ठेवून दुसऱ्या गावी कारकुनीस लागलेला तरुण, यांची गोष्ट याहून निराळी नाही.

या आशेकडे पाहण्याची एक कठोर दृष्टी आहे. 'इच्छा तेथे मार्ग' ही म्हण तिचा आधार. खरोखरीच शिकावयाचे असते तर एव्हाना शिकून झाले असते. ज्या अर्थी झाले नाही त्या अर्थी इच्छाच लटकी होती, असा तिचा हिशेब असतो. या मतात सत्याचा अंश नाही असे नाही. आशा आणि संकल्प या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत. आशेला काही मोल द्यावे लागत नाही. संकल्पाला तारीख लागते, तास लागतो, पैसा लागतो, आणि कोणाची तरी नाराजी पत्करावी लागते. आशा दीर्घकाळ नुसतीच बाळगली म्हणजे ती हळूहळू कृतीची जागा घेऊ लागते. आपण अजून शिकणार आहोत, या विचारातच शिकल्याचे अर्धे समाधान मनुष्य भोगून घेतो. आणि ते समाधान भोगून झाल्यावर अर्ज भरण्याइतकी भूक त्याच्यापाशी उरत नाही. अशा आशेला आत्मवंचना म्हटले तर ते अन्यायाचे होणार नाही.

परंतु हाच न्याय सर्वांस सरसकट लावणे हे मात्र खचित अन्यायाचे आहे. ज्याचा दिवस त्याच्या स्वाधीन आहे त्याची नुसती आशा हा आळस होय. ज्याचा दिवस दुसऱ्यांच्या स्वाधीन आहे त्याची आशा हा आळस नव्हे. जे करणे शक्य नाही ते कर्तव्य होऊ शकत नाही, असे कांटने प्रतिपादिले आहे. पहाटेपासून रात्रीपर्यंत ज्या स्त्रीच्या प्रत्येक घटकेवर घरातील कोणाचा ना कोणाचा हक्क आहे, तिला 'तुझा संकल्प दुबळा' असे म्हणणे, म्हणजे बांधलेल्या माणसास चालत नाही म्हणून बोल लावणे होय. अशा माणसाची आशा ही कृतीची जागा अडविणारी नसून, कृतीची वेळ येईपर्यंत ती जागा राखून ठेवणारी असते. तेव्हा या आशेचे मोल ठरविण्यापूर्वी ती बाळगणाराच्या वाट्यास किती स्वातंत्र्य आले आहे, हे पाहणे अगत्याचे आहे.

दुसरा आक्षेप वयाचा. शिकण्याचे वय निराळे, संसाराचे निराळे. ब्रह्मचर्यानंतर गृहस्थाश्रम हा क्रम आमच्या पूर्वजांनीच घालून दिला आहे, मग चाळिशीत पुस्तके घेऊन वर्गात बसणे हे क्रमभंगाचे नव्हे काय, असे कित्येक सुशिक्षितही मनातल्या मनात म्हणत असतात. आमच्या मते पूर्वजांवर हा विनाकारण आरोप आहे. समावर्तनाच्या वेळी, म्हणजे विद्या संपवून घरी निघालेल्या शिष्यास, पुढेही अध्ययनात हयगय करू नये असेच बजावले जात असे. छांदोग्य उपनिषदातील श्वेतकेतू बारा वर्षे गुरुगृही राहून, चोविसाव्या वर्षी विद्येचा ताठा घेऊन घरी आला; तेव्हा मुख्य गोष्ट शिकावयाची राहिलीच आहे हे बापाने त्याच्या ध्यानात आणून दिले, आणि मिठाच्या खड्यापासून व वडाच्या फळापासून त्याचे शिक्षण पुन्हा आरंभिले. त्याच उपनिषदात, नाना विद्यांची लांबलचक यादी तोंडपाठ सांगणारा नारद सनत्कुमाराकडे शिष्य म्हणून जातो. आणि तैत्तिरीय ब्राह्मणातील भरद्वाजाची कथा तर याहून बोलकी आहे. तीन जन्मांचे आयुष्य अध्ययनात घालवून जराजर्जर झालेल्या त्या ऋषीस इंद्र विचारतो की, चौथे आयुष्य दिले तर काय करशील. आणि भरद्वाज सांगतो की, तेही अध्ययनातच घालवीन. इंद्र त्याला तीन पर्वत दाखवून त्यांतली मूठमूठ माती उचलतो, आणि तुझे आजवरचे शिकणे एवढेच, असे सुचवितो. ज्या परंपरेत ही कथा सांगितली गेली, तिला शिक्षणाचे वय ठाऊक होते, परंतु शिक्षणाची वयोमर्यादा ठाऊक नव्हती. आश्रमांचा क्रम हा शिक्षणाचा आरंभ कधी करावा हे सांगतो; ते कधी बंद करावे हे सांगत नाही.

वयाचा आक्षेप असा निकालात निघाला, तरी 'इच्छा तेथे मार्ग' या म्हणीचा समाचार अजून पुरता घेतला गेला नाही. तो घेण्यास आमच्या अकोल्याचेच एक उदाहरण उपयोगी पडते. गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म १८५६ साली कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी झाला. घरची स्थिती अत्यंत गरिबीची. कऱ्हाडास थोडे शिकल्यावर कोर्टात कारकुनी करण्याची पाळी आली. त्या काळच्या शेकडो हुशार मुलांची गोष्ट येथेच संपली आहे. आगरकर मात्र शिक्षणासाठी गाव सोडून फिरले, आणि अखेर दूरच्या अकोल्यास येऊन पोहोचले. तेथील हायस्कुलात विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारखा शिक्षक त्यांस लाभला. १८७५ साली ते मॅट्रिक झाले, पुण्यास डेक्कन कॉलेजात गेले, १८७८ साली बी. ए. व पुढे एम. ए. झाले. मोठ्या पगाराच्या नोकरीची वाट पाहणाऱ्या आईस त्यांनी आधीच कळविले होते की, आपण धनाच्या मागे न लागता पोटापुरत्या मिळकतीवर राहून लोकांच्या हितासाठी झटणार. पुढचा इतिहास महाराष्ट्रास ठाऊक आहे. 'सुधारका'चे हे संपादक व फर्ग्युसन कॉलेजचे हे प्रिन्सिपॉल १८९५ सालच्या जून महिन्यात, वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षाच्या आतच वारले.

योगायोग असा की, त्याच १८९५ सालच्या अखेरीस टॉमस हार्डी या इंग्रज कादंबरीकाराची 'ज्यूड द ऑब्स्क्युअर' ही कादंबरी पुस्तकरूपाने निघाली. तिचा नायक खेड्यातला एक पोरका मुलगा. पावाची गाडी हाकता हाकता तो लॅटिन आणि ग्रीक शिकतो, पाथरवटाचा धंदा पत्करतो, आणि विद्यापीठाच्या शहरी राहावयास जातो, ते एक दिवस आपण आत जाऊ या आशेने. दिवसा तो कॉलेजांच्या जुन्या भिंतींचे दगड घडवितो व रात्री वाचतो. अखेर धीर करून तो कॉलेजांच्या प्रमुखांस पत्रे लिहितो. एकाचेच उत्तर येते, आणि त्यात उपदेश असा की, आपण आपल्या धंद्यातच राहावे हे बरे.

ज्यूड हा कल्पित व आगरकर हे खरे, हे आम्ही विसरलो नाही. परंतु हार्डीने दाखविलेली भिंत कल्पित नव्हती. दोघेही गरीब, दोघेही कष्टाळू, दोघांनीही विद्येसाठी गाव सोडले. इच्छेच्या बाबतीत दोघांत डावे-उजवे करता येणार नाही. फरक पडला तो गावाच्या बाजूने. एका गावात परक्या मुलाची पारख करणारा शिक्षक होता; दुसऱ्या गावात दारे होती, पण ती ठोठावणारास त्याचा धंदा विचारला जात होता. तेव्हा 'इच्छा तेथे मार्ग' ही म्हण अर्धीच खरी आहे. मार्ग इच्छेतून आपोआप उगवत नाही. कोणीतरी तो आधी बांधून ठेवावा लागतो. आणि ज्यांस मार्ग सापडला तेवढ्यांचीच चरित्रे लिहिली जात असल्यामुळे, ज्यांस इच्छा होती पण मार्ग नव्हता अशांची गणती करण्यास आपण विसरतो.

वऱ्हाडापुरते पाहिले तर हा मार्ग बांधण्यास किती काळ लागला! १९२३ साली अमरावतीस किंग एडवर्ड कॉलेज निघेपर्यंत येथील मुलास कॉलेजच्या शिक्षणासाठी नागपूर नाही तर पुणे गाठावे लागे. त्याच साली नागपूर विद्यापीठही स्थापन झाले. कुणब्याच्या मुलांनी शहरात येऊन शिकावे म्हणून डॉ. पंजाबराव देशमुख यांनी विलायतेहून परतल्यावर अमरावतीस वसतिगृह काढले, व पुढे शिवाजी शिक्षण संस्थेच्या रूपाने खेडोपाडी शाळा नेल्या. अकोल्यास १९६९ साली त्यांच्याच नावाचे कृषी विद्यापीठ निघाले, आणि १९८३ साली अमरावतीस स्वतंत्र विद्यापीठ झाले. आज त्या विद्यापीठास संत गाडगेबाबांचे नाव आहे. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, पण भांडी विकावी लागली तरी विका, मात्र मुलांस शिकवा, असे गावोगाव सांगत फिरणाऱ्या पुरुषाचे नाव विद्यापीठास दिले गेले, यात केवळ गौरव नाही. दारे कोणासाठी उघडी ठेवावयाची, याचे ते बंधनही आहे.

आज मार्ग पूर्वीपेक्षा पुष्कळ सुगम झाला आहे हे मान्य केलेच पाहिजे. १९८९ साली नाशिकास यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, आणि नोकरी करणाऱ्यास व घर सांभाळणाऱ्यास घरी राहून पदवी घेण्याची सोय झाली. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर शिक्षण मध्येच सोडून पुन्हा येणे ही गोष्ट अपवादात न ठेवता व्यवस्थेतच बसविली आहे. परंतु बाहेरचा रस्ता लवकर होतो, घरातला होत नाही. २०२२ सालच्या जून महिन्यात अमरावती आणि अकोला यांमधील महामार्गाच्या एका पदरीचे ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत पुरे होऊन त्याची जागतिक विक्रमात नोंद झाली. त्याच महामार्गाने बिऱ्हाड घेऊन आलेल्या स्त्रीस स्वयंपाकघरापासून अभ्यासाच्या टेबलापर्यंतचे दहा पावलांचे अंतर कापण्यास पंधरा वर्षे लागतात. कारण विद्यापीठ जागा देऊ शकते, सवलत देऊ शकते, पण सकाळचे दोन तास देऊ शकत नाही. ते घरानेच द्यावयाचे असतात.

येथे आपण प्रश्नाच्या गाभ्याशी येतो. परतून शिकणाऱ्याचा खर्च कोणी सोसावयाचा? हा खर्च केवळ फीचा नसतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांस १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परत यावे लागले. चार वर्षांच्या आत परत येण्याची मुभा तेवढी विद्यापीठाने दिली होती. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पै-पै साठविली, शाहू महाराजांचे साहाय्य व एका स्नेह्याचे कर्ज घेतले, आणि १९२० साली ते पुन्हा लंडनास गेले. १९२१ साली एम. एस्‌सी. व १९२३ साली डी. एस्‌सी. या पदव्या त्यांनी मिळविल्या. सोडलेल्या विद्येकडे परतण्याचे याहून तेजस्वी उदाहरण आमच्या इतिहासात आम्हांस दिसत नाही. आशेचा संकल्प कसा होतो, तेही येथे दिसते, कारण येथे मुदत होती, पैशाचा हिशेब होता, आणि पुढे टाकावयाचे पाऊल ठरलेले होते. परंतु त्या तीन वर्षांत मुंबईच्या चाळीत रमाबाईंनी अपुऱ्या पैशात संसार ओढला, ही त्या हिशेबाची दुसरी बाजू होय. बाबासाहेब ती विसरले नाहीत. पाकिस्तानच्या प्रश्नावरील आपला ग्रंथ त्यांनी रमाबाईंच्या स्मृतीस अर्पण केला. प्रत्येक परतणाऱ्याच्या मागे कोणीतरी घर धरून बसलेले असते. प्रश्न एवढाच की, धरून बसण्याची पाळी नेहमी एकाच माणसावर का यावी?

आमच्या कुटुंबांत त्यागाचा गौरव पुष्कळ होतो. परंतु केलेला त्याग आणि घेतलेला त्याग यांतील भेद फारसा कोणी पाहत नाही. जिने विचारपूर्वक, पर्याय समोर असताना, मुलांच्या लहानपणी शिक्षण बाजूस ठेवले, तिने त्याग केला. जिला कोणी विचारलेच नाही, तिच्याकडून तो घेतला गेला; आणि न विचारता घेतलेली वस्तू, ती कितीही गोड शब्दांत वाखाणली, तरी ऋण म्हणूनच राहते. या भेदाची कसोटी अवघड नाही. तो त्याग परत घेण्याची मुभा होती काय? दरवर्षी नसले तरी दर पाच वर्षांनी कोणी तिला विचारले काय, की आता तुझे राहिलेले पुरे करण्याची वेळ आली का? जेथे हा प्रश्न कधीच विचारला जात नाही, तेथे 'ती स्वखुशीने घरी राहिली' हे वाक्य उच्चारण्याचा अधिकार त्या घरास नाही.

यावर प्रामाणिक उत्तर असे येईल की, घराच्या गरजा काही खोट्या नसतात. मुलगा दहावीस आहे, सासऱ्यांचे डोळ्यांचे ऑपरेशन आहे, नव्या गावी घरभाडे अधिक आहे. अशा वेळी आईने परीक्षेचा हट्ट धरावा काय? आमचे म्हणणे असे की, एखाद्या वर्षी तिने तो धरू नये हेच योग्य ठरेल. गरज खरी असली तर ती मानलीच पाहिजे. परंतु गरजा एकामागून एक येतच राहतात. प्रत्येक वेळी त्यांचे वजन अधिक आणि एकाच माणसाच्या इच्छेचे वजन उणे, असा निकाल लागत गेला, तर तराजूच सदोष आहे असे समजावे. पुढे ढकलणे हे अन्याय्य नव्हे. किती काळ ते न सांगता पुढे ढकलणे हे अन्याय्य होय. 'बघू' या शब्दात नकाराची जबाबदारी न घेता नकार देण्याची सोय आहे, म्हणूनच तो आमच्या घरांत इतका प्रिय आहे.

शेवटचा आक्षेप उपयोगाचा. चाळिशीत पदवी घेऊन तिचा उपयोग काय? नोकरी मिळणार नाही, पगार वाढणार नाही. वाचनाची हौस असेल तर पुस्तके घरी वाचता येतात. यातील शेवटचा भाग विचारार्ह आहे. विद्यापीठाबाहेर विद्या नाही असे म्हणण्याचा उर्मटपणा आम्ही करणार नाही. ज्यास केवळ वाचावयाचे आहे त्याने पदवीचे नाव खुशाल सोडावे; समजून-उमजून सोडलेली आशा ही पराभव नव्हे, आणि ती सोडल्यावर मनास जो हलकेपणा येतो तोही तुच्छ नाही. परंतु एकट्याने वाचणे आणि शिकणे यांत अंतर आहे. शिकण्यात आपल्या म्हणण्यास कोणीतरी 'हे चूक' असे म्हणणारा लागतो, शेजारी बसून तोच प्रश्न निराळ्या रीतीने सोडविणारा लागतो, आणि आपण लिहिलेले परक्या माणसाने तपासावे असा धाक लागतो. एकलव्याने मातीच्या पुतळ्यासमोर धनुर्विद्या साधली हे खरे. पण त्याची थोरवी गाताना, त्याला दारातून परत पाठविणाऱ्याचे समर्थन आपण नकळत करीत असतो, हे विसरू नये. आणि उपयोगाचा प्रश्न विसाव्या वर्षी शिकणाऱ्या मुलास कोणी इतक्या कठोरपणे विचारीत नाही. चाळिसाव्या वर्षी शिकणारा मनुष्य बहुधा केवळ समजावे म्हणून शिकतो. आणि वर्गात तो एक असला म्हणजे इतरांच्या शिकण्यालाही गांभीर्य येते, असा अध्यापनातील आमचा अनुभव आहे.

तेव्हा आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर असे. शिक्षणाकडे परतण्याची आशा ही स्वतः गुणही नव्हे आणि दोषही नव्हे. ती एक मागणी आहे, आणि मागणी ज्याच्याकडे केली जाते त्यानुसार तिचा निकाल लागतो. ती स्वतःकडे केलेली मागणी असेल, तर बाळगणाराने तिला तारीख द्यावी, तास द्यावा, खर्चाचा आकडा मांडावा. हे करूनही मन मागे घेत असेल तर ती आशा सन्मानाने सोडून द्यावी. ती घराकडे केलेली मागणी असेल, तर घराने होय किंवा नाही असे स्पष्ट सांगावे. आणि नाही म्हणताना, कधी होय म्हणणार हेही सांगावे. ती गावाकडे व विद्यापीठाकडे केलेली मागणी असेल, तर प्रवेशाच्या खिडकीवर वय पाहून चेहऱ्यावर आश्चर्य न आणणे, हे अगदी लहान पण पहिले कर्तव्य होय. जून महिना आला की अमरावतीस आणि अकोल्यास प्रवेशाची गडबड सुरू होते, आणि घराघरांत मुलामुलींच्या गुणांची व शाखांची चर्चा होते. त्या चर्चेत घरातल्या वडील माणसांपैकी कोणाचे काही राहून गेले आहे काय, हे एकदा विचारून पाहण्यास फारसा वेळ लागणार नाही.